मोनिकेचं मौन

बसने करकचून ब्रेक मारला, आणि उल्काच्या सीटशेजारी उभ्या असलेल्या उंच माणसाने तोल सावरायला वरच्या दांडीकडे हात उचलला. झालं एवढंच. पण त्याचा हात दांडीला लागायच्या आत उल्काचं कोपर तोंडासमोर आलं होतं, मान खांद्यांत गेली होती, आणि मांडीवरचा सुकेळ्यांचा, वाळवलेल्या वसईच्या केळ्यांचा, डबा खाली पडून लोकांच्या पायांमधून घरंगळत पार ड्रायव्हरच्या मागे जाऊन थांबला होता. "यू ऑलराइट, लव्ह?" त्या माणसाने वाकून विचारलं. तो बिचारा स्वतःच घाबरला होता. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. कोपर खाली घेत उल्का म्हणाली, "सॉरी, सो सॉरी." कानात हेडफोन घातलेल्या एका मुलीने डबा आणून दिला, तिलाही ती सॉरी म्हणाली. मग गळ्यातला स्कार्फ सारखा करून खिडकीबाहेर बघत बसली. ऑगस्टच्या उन्हात लंडनच्या कडेच्या बुशीची दुकानं मागे पडत होती. बसमध्ये उकडत होतं, तरी स्कार्फ तिने काढला नाही. नवऱ्याला, पास्कूला, मातीआड करून सहा वर्षं होऊन गेली होती. हे तिला माहीत होतं, वॉटफर्डच्या चर्चला माहीत होतं, पेन्शनच्या ऑफिसला माहीत होतं. कोपराला मात्र कोणी कळवलं नव्हतं. इतक्या वर्षांत ते विसरलं असेल असं तिला वाटलं होतं, आणि आज, सणाच्या दिवशी, परक्या माणसांसमोर त्याने तिची अब्रू घेतली.

सण संत मोनिकेचा होता. सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये आयांच्या मंडळाचा चहा होता, आणि दरवर्षीप्रमाणे फादर ब्रेंडन यांनी उल्कालाच मोनिकेवर बोलायला उभं केलं होतं. केरळच्या नर्सबायका, गोव्याच्या दोघीतिघी, एक पोलिश आजी, आपल्या वसईकडच्या चार जणी, सगळ्या केकच्या बश्या मांडीवर घेऊन ऐकत होत्या. उल्का छान बोलायची, यात वाद नाही. आफ्रिकेच्या उत्तर टोकाला, सोळाशे वर्षांपूर्वी, एक ख्रिस्ती पोर एका मूर्तिपूजकाला दिली गेली. नवरा वयाने मोठा, बाहेरख्याली आणि डोक्याने तापट. सासू हलक्या कानाची. मोनिका काय करायची? तर गप्प राहायची. नवरा रागात असला की शब्द काढायचा नाही, राग उतरला की मग हळूच सांगायचं. गावातल्या दुसऱ्या बायका तोंडावर वळ घेऊन यायच्या आणि नवऱ्यांच्या नावाने बोटं मोडायच्या, तेव्हा मोनिका त्यांना हसत म्हणायची की बायांनो, दोष तुमच्या जिभेचा आहे. तिच्या अंगावर वळ का नाही, याचं त्यांना नवल वाटायचं. दोघांत तंटा झाला तर ती इकडचं वाकडं तिकडे सांगायची नाही, जोडणारं तेवढंच सांगायची. शेवटी नवऱ्याने मरणाआधी बाप्तिस्मा घेतला. वाया गेलेला मुलगा, ज्याच्यासाठी तिने वर्षानुवर्षं अश्रू गाळले, तोही देवाकडे वळला आणि मोठा संत झाला. एवढं सांगून झालं की उल्का चहाचा एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "माय हजबंड ऑल्सो हॅड अ टेंपर. बट ही नेव्हर रेज्ड अ हँड ऑन मी. नॉट वन्स. बिकॉज आय नेव्हर आन्सर्ड बॅक." हॉलमध्ये एक उसासा उठायचा. यंदाही उठला होता.

पहिल्या वर्षी ती ठरवून खोटं बोलली नव्हती. संताची गोष्ट सांगता सांगता त्या गोष्टीबरोबर ती वाहत गेली, इतकंच. मोनिकेला नवऱ्याने कधी मारलं नाही. मग जन्मभर मोनिकेचं नाव घेऊन जगलेल्या बाईला मारलं, असं म्हटलं तर गोष्टच फुकट जाते. आणि नाव तर तिने घेतलंच होतं. लग्नाच्या सकाळी, वसईजवळच्या गिरीजच्या घरात, आईने तिच्या मुठीत मोनिकेचं पदक कोंबून सांगितलं होतं, "हिच्यासारखी राहा. बाईने तोंड उघडलं की घराचं दार उघडतं, आणि सगळा गाव आत येतो." गाव कधी आत आला नाही, याचं श्रेय उल्काचं. पास्कू शेवटच्या वर्षात खरंच बदलला होता. लिव्हर गेलं तशी ताकद गेली, ताकद गेली तसा तो चर्चला यायला लागला, अर्पणाची टोपली फिरवायला लागला, भजन म्हणताना रडायला लागला. लोक म्हणाले, उल्काबाईंच्या प्रार्थनेला फळ आलं. तिलाही तसंच वाटलं होतं. वाटलं नसतं तरी सांगणार कोणाला? फक्त एक गोष्ट ती भाषणात दरवर्षी गाळायची. लहानपणी वसईला एका म्हाताऱ्या फादरांनी सांगितली होती ती. मोनिकेविरुद्ध सासूचे कान भरणाऱ्या दासी पकडल्या गेल्या, तेव्हा मोनिकेच्या नवऱ्याने आपल्या आईच्या सांगण्यावरून त्यांना चाबकाने फोडून काढलं, आणि तेव्हापासून त्या घरात सासूसुना गोडीने नांदल्या. म्हणजे त्या घरातही कोणाच्या तरी पाठीची सालं निघालीच होती. आठ-नऊ वर्षांच्या उल्काने तेव्हा विचारलं होतं, "फादर, दासींना लागलं का?" वर्गातली पोरं हसली होती. आज बसमध्ये, कोपर मांडीवर दाबून बसल्यावर, तो प्रश्न तिला इतक्या वर्षांनी पुन्हा आठवला, आणि नको तेव्हा आठवला.

कारण ती ऋजुताकडे निघाली होती. ऋजुता म्हणजे तिची सून, मुलाची, अनयची बायको, नात इराची आई, पुण्याची, देशस्थाची पोर, स्टॅनमोरहून रोज ट्यूब रेल्वेने सिटीत जाऊन एका बँकेचं काम करणारी. काल तिचा फोन आला होता, ऑफिसच्या जिन्यातून असावा, आवाज घुमत होता. "मम्मी, उद्या मी वर्क फ्रॉम होम आहे. तुम्ही दुपारी याल? इराला दोन दिवस तुमच्याकडे न्याल? प्लीज, का ते विचारू नका." उल्काने का ते विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मार्चमध्ये ऋजुता एकदा वॉटफर्डला आली होती, एकटीच, आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिने स्वेटरची बाही वर केली होती. दंडावर चार बोटांचे डाग होते, कडेने पिवळे पडत चाललेले. उल्का जन्मभर वॉर्डात नर्स होती; डाग किती दिवसांचा, तिला न विचारता कळतं. "अनय म्हणतो, माझ्या आईकडून शीक," ऋजुता म्हणाली होती. "म्हणतो, डॅडी एवढे शॉर्ट-टेंपर्ड, पण मम्मीने कधी ब्र काढला नाही. मम्मी, मला खरं सांगा. डॅडी तुम्हाला मारायचे?" चहा उकळून वर आला होता. उल्काने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "नाही गं. रागीट होते, एवढंच. तो चिडला की तू बोलू नकोस. उतरला की सांग." मग कपाटातून मोनिकेचं पदक काढून तिने सुनेच्या हातावर ठेवलं. ऋजुता हिंदू, पण पोर गुणाची. तिने ते घरी फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवलं. तो फ्रिज बघितला की उल्काला दर वेळी बरं वाटायचं.

आणि आज सकाळी, मिस्साला निघण्याआधी, उल्काने अनयला फोन केला होता. जोडणारं तेवढं सांगावं म्हणून. "ऋजुता नाराज आहे रे. इराला माझ्याकडे पाठवतेय दोन दिवस. तू तिच्याशी जरा प्रेमाने बोल. मी सुकेळी घेऊन येते, गिरीजहून आलीत, बसू सगळे."  पलीकडून अनय अगदी मऊ आवाजात म्हणाला, "थँक्स, मम्मी. बरं झालं सांगितलंस." तो मऊ आवाज तिने तेव्हा देवाची कृपा म्हणून घेतला होता. आता बस स्टॅनमोरचा चढ चढत होती आणि तो आवाज तिच्या कानात परत आला, तेव्हा तो अनयचा नव्हता. पास्कू असाच बोलायचा. मारण्याआधी पास्कू अगदी हळू आणि गोड बोलायचा, बूट काढून नीट जोडीने ठेवायचा, घड्याळ उतरवून फ्रिजवर ठेवायचा. पाहुणा बघत असता तर म्हणाला असता, काय शांत माणूस.  बस हळू चालली आहे असं तिला वाटायला लागलं, आणि तिने उतरायचा स्टॉप यायच्या कितीतरी आधीच बेल दाबली.

त्यांचं हाउन्सलोचं जुनं घर विमानांच्या रस्त्यात होतं. नोकरीच्या व्हिसावर ती आली आणि वर्षभराने पास्कू नऊ वर्षांच्या अनयला घेऊन आला, तेव्हा ते भाड्याने मिळालेलं पहिलं घर. विमानं इतकी खाली यायची की त्यांच्या पोटाखालची चाकं मोजता यावीत, आणि ताटल्या हलायच्या. पास्कू विमानतळावर सामान चढवायचं काम करायचा. त्याला विमानांची सवय होती. विमान डोक्यावर आलं की तो मारायचा, म्हणजे आवाज बाहेर जात नसे. मध्ये थांबायचा, श्वास घ्यायचा, पुढच्या विमानाची वाट बघायचा. हे थांबणं माराहून वाईट होतं. वारा फिरला की विमानं दुसऱ्या बाजूने उतरायची, मग आकाश मोकळं राहायचं, आणि भिंतीपलीकडे म्हातारे केसी नवरा-बायको राहायचे. त्या दिवसांसाठी टेपरेकॉर्डर होता. वसईहून आणलेली मराठी भक्तिगीतांची कॅसेट, पेटी आणि तबला आणि प्रभूची करुणा. "अनय, आवाज वाढव," उल्का म्हणायची. ती स्वतःच म्हणायची. पास्कूला कधी सांगावंच लागलं नाही. पोरगं उठून बटण फिरवायचं आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, तिकडे करुणेचा गजर आणि इकडे बापाचा पट्टा. खिडक्या उल्का लावायची. हे सगळं इतकं सुरळीत चालायचं की कोणी कोणाला काही बोलत नसे. संध्याकाळच्या जपमाळेसारखी घराची ती एक रीत होऊन गेली होती.

फक्त एकदा ती मोडली. तो रविवार होता, जेवणात मीठ कमी होतं की जास्त ते आता आठवत नाही, आणि पास्कूने तिला धरून सिंकच्या कडेवर आपटलं होतं. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज तिने आतून ऐकला, सुकी काटकी मोडावी तसा. ओरडायचं नाही म्हणून तिने ओठ चावला तर ओठ फाटला. त्याने केस धरून पुन्हा डोकं वर ओढलं, आणि त्याच क्षणी घरात शांतता झाली. पेटी थांबली, तबला थांबला. अनयने टेप बंद केली होती. बंद करून तो भिंतीला चिकटून उभा होता, दहा वर्षांचं पोर, आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "हेल्प." एकदाच. पलीकडे केसीबाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पास्कूने केस सोडले. आणि उल्काने काय केलं? ती तशीच, एक हात लोंबत असताना, चालत पोराकडे गेली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. इतक्या जोराने की त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. मग टेप पुन्हा लावली, आणि दारावर केसीबाई आल्या तेव्हा दार तिनेच उघडलं. "आय स्लिप्ड," ती म्हणाली. "वेट फ्लोअर. माय फॉल्ट." स्वतःच्याच हॉस्पिटलात, ओळखीच्या नर्सांसमोर, तिने तेच सांगितलं. हाड वाकडं जुळलं. त्यावर ती स्कार्फ बांधते. अनयने पुन्हा कधी टेप बंद केली नाही, आणि पुन्हा कधी रडलाही नाही. शहाणा झाला, असं ती तेव्हा मनाशी म्हणाली होती.

दार इराने उघडलं. चार वर्षांची, एक वेणी सुटलेली, हातात टीव्हीचा रिमोट. "आजी, तू आला!" ती म्हणाली, पण नेहमीसारखी अंगावर आली नाही. आत टीव्हीवर कार्टून चालू होतं, इतकं मोठ्याने की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. इरा टीव्हीकडे बघत नव्हती. ती सोफ्यापाशी जाऊन जिन्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि रिमोटवर अंगठा ठेवून थांबली. वरून काहीतरी जड आपटलं. इराने अंगठा दाबला. टीव्ही आणखी मोठा झाला. "इरा, हे काय करतेस?" उल्काने ओरडून विचारलं, ओरडल्याशिवाय ऐकूच गेलं नसतं. "डॅडी म्हणला, व्हॉल्यूम माझी जॉब आहे," इरा म्हणाली. अभिमानाने म्हणाली.

 उल्का स्वयंपाकघरात गेली. तिथे डबा ओट्यावर ठेवला. ओट्यामागची खिडकी उघडी होती, बाहेर शेजारच्यांच्या बागेत कोणीतरी झाडांना पाणी घालत होतं. उल्काने खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली. मग हॉलची खिडकी. मग दाराशेजारची छोटी. तिसऱ्या खिडकीच्या कडीवर हात असताना तिला आपला हात दिसला. म्हातारा हात, नसा वर आलेल्या, लग्नाची अंगठी अजून बोटात रुतलेली. कोणी सांगितलं नव्हतं. वर तिच्या सुनेला मार बसत होता आणि हा हात खिडक्या लावत होता. फ्रिजवर मॅग्नेटखाली मोनिका होती, डोळे वर, हात जोडलेले, आणि तिच्या वर, फ्रिजच्या माथ्यावर, अनयचं घड्याळ होतं, नीट ठेवलेलं. ते बघून उल्काच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. जनावर मारताना जसा गळ्यातून निघतो तसा होता. तिने कडी काढली. तीनही खिडक्या सताड उघडल्या, मग हॉलमध्ये जाऊन इराच्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

शांतता इतकी अचानक झाली की वरचाही आवाज क्षणभर थांबला. मग सगळं उघडं ऐकू यायला लागलं. घासत गेल्यासारखं काहीतरी. ऋजुताचा श्वास, फाटका, एकेक घोट घेतल्यासारखा. आणि अनयचा मऊ आवाज: "बॅग भरतेस? माझ्या मुलीला घेऊन? कुठे जाणार होतीस, सांग ना. सांग ना, राणी." मग हाडावर बसलेल्या ठोशाचा आवाज, जो वॉर्डात आयुष्य घालवलेल्या बाईला भिंतीआडूनही ओळखू येतो. उल्का जिन्याखाली उभी राहिली आणि साठीच्या घशातून, आयुष्यात पहिल्यांदा, जेवढं जमेल तेवढं ओरडली. "अनय! सोड तिला! सोड!" उघड्या खिडक्यांमधून तो आवाज बागेत गेला, रस्त्यावर गेला. बाहेर पाण्याचा नळ बंद झाला. "हॅलो?" कोणी म्हातारी हाक मारत होती. "एव्हरीथिंग ओके इन देअर?" "नो!" उल्का ओरडली. "कॉल द पोलीस!"

वरच्या दारातून ऋजुता बाहेर आली, म्हणजे सुटून बाहेर पडली, कठडा धरायला गेली आणि त्याच वेळी मागून अनयचा हात आला. ढकललं की धरायला गेला, हे पुढे वकील ठरवतील. उल्काने ढकलताना पाहिलं. ऋजुता जिन्यावरून आपटत खाली आली आणि शेवटच्या पायरीवर तिचं डोकं लागलं. भुवईवरून रक्त इतक्या पटकन वाहायला लागलं की तिच्या दातांपर्यंत गेलं. उल्काने हातातला रिमोट जमिनीवर टाकला, स्कार्फ ओढून काढला, त्याची घडी करून जखमेवर दाबली आणि मान सरळ धरली. हात आपलं काम जाणत होते. अनय खाली उतरत होता. हळूहळू, एकेक पायरी. "मम्मी," तो म्हणाला, "टीव्ही का बंद केलास?" ती घडी दाबत राहिली. "मम्मी, ती घसरली. तू बघितलंस. सॉक्स घालून धावत होती." तो वाकला आणि रिमोट उचलायला लागला. उल्काने उठून रिमोटवर पाय ठेवला. त्याने वर बघितलं. त्या चेहऱ्यात दहा वर्षांचं पोर होतं, थोबाडीत खाल्लेलं, आणि ते तिला कधी विसरलेलं नव्हतं. त्याने हात उगारला तसं उल्काचं कोपर वर आलं, मान खांद्यांत गेली. ते कोपर त्याने लहानपणी शेकडो वेळा पाहिलं होतं. पाहून क्षणभर तो थबकला. तिला वाटलं, आता थांबेल. हात थांबला नाही. कानाखाली बसलेल्या फटक्याने ती भिंतीवर गेली आणि ओठ जुन्याच जागी फाटला. तोंडात रक्ताची चव आली, ओळखीची. आपलीच चपराक इतक्या वर्षांनी परत आली, असं तिला वाटलं, आणि तरीही रिमोटवरचा पाय तिने उचलला नाही.

पोलीस आले तेव्हा अनय सोफ्यावर बसला होता, केस सारखे केलेले, आवाज पुन्हा मऊ. ॲम्ब्युलन्सचे दोघे ऋजुताच्या मानेला पट्टा लावत होते. पोलिसांतली बाई तरुण होती, तिने गुडघ्यावर बसून ऋजुताला विचारलं, "कॅन यू टेल मी व्हॉट हॅपन्ड?" ऋजुताने अनयकडे बघितलं, मग उल्काकडे बघितलं.  "आय स्लिप्ड," ती म्हणाली. "माय फॉल्ट."  शब्द तेच, ठेका तोच, शेवटी खाली जाणारा आवाजही तोच. पुण्याच्या या पोरीला तिने हे कधी शिकवलं नव्हतं, पदकाबरोबर मात्र तेच दिलं होतं. दासींना लागलं का, फादर? लागलं. लागलंच होतं. सोफ्यावरून अनय म्हणाला, "माय मदर वॉज हिअर. आस्क हर. शी इज अ नर्स." तो विश्वासाने म्हणाला. आईला झाकून घेताना त्याने जन्मभर पाहिलं होतं.

"मॅम?" पोलीसबाई उभी राहिली. उल्काचा गळा उघडा होता. स्कार्फ सुनेच्या रक्तात भिजला होता. वाकडं जुळलेलं हाड उन्हात स्पष्ट दिसत होतं, आणि पोलीसबाईची नजर तिथे गेली. उल्काने ते झाकलं नाही. "शी डिड नॉट स्लिप," ती म्हणाली. आवाज फाटका निघाला, म्हणून तिने पुन्हा, मोठ्याने सांगितलं. "माय सन हिट हर. ही पुश्ड हर. ही हिट मी, जस्ट नाउ. अँड हिज फादर डिड दिस." बोट हाडावर ठेवून ती म्हणाली, "आय टोल्ड एव्हरीबडी, आय स्लिप्ड. आय डिड नॉट स्लिप. आय डिड नॉट स्लिप एव्हर." हे सगळं सांगताना तिला मोनिकेसारखं रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. सकाळीच या मुलाला आपण फोन केला होता, तेही तिने सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी. ऋजुताने डोळे मिटले. स्ट्रेचरच्या कडेवरून तिचा हात खाली आला आणि चाचपडत त्याने उल्काचं मनगट धरलं, घट्ट, दुखेल इतकं. तो राग होता की आधार, ते उल्काला कळलं नाही, आणि आपल्याला विचारायचा हक्क नाही हेही तिला कळलं.

अनयला बेड्या घालत होते तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्याने ओरडला. "मम्मी! मी टेप बंद केली होती ना! तेव्हा तू काय केलंस? मम्मी, तेव्हा तू काय केलंस?" पोलिसांना मराठी कळत नव्हती. ते त्याला शांतपणे बाहेर नेत होते, आणि तो तेच तेच विचारत होता, रस्त्याच्या मध्यापर्यंत. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. बागेच्या कुंपणापाशी शेजारच्या म्हातारीने तोंडावर हात ठेवला होता. उल्का उभ्या जागी ऐकत राहिली. कान झाकावेसे वाटले, पण झाकले नाहीत. त्याचं उत्तर तिच्याकडे होतं, आणि ते द्यायला तिला उरलेलं सगळं आयुष्य पुरणार नव्हतं.

इरा भिंतीजवळून हलली नव्हती. आता ती पुढे आली, आजीच्या पायाखालचा रिमोट तिने हळूच ओढून काढला आणि वर बघितलं. बाहेरून अजून बापाचा आवाज येत होता. "आजी," ती म्हणाली, "मोठं करू?"

उल्का खाली बसली. फाटलेला ओठ तिने बाहीने पुसला. "नको, बाळा," ती म्हणाली. "आपण ऐकू या."